दऱ्यावरची तार

बसा. तिथं दगडावर नगा, इकडं पोत्यावर बसा. दिवसभर ट्रकमध्ये उभं राहून लातूरला नवा जिल्हा बघून आलात, पाय दुखत असतील. जिल्हा झाला, बरं झालं. एका दाखल्यासाठी उस्मानाबादेला खेटे घालून आमच्या चपला झिजल्या. तुमच्या आता लातूरला झिजतील.

काय म्हणलास? नवा साहेब येणार आन दऱ्यावरची ती गंजकी तार काढून टाकणार? नळाचा पाइप तिथून न्यायचा म्हणून? त्याला म्हणावं, पाइप शेजारून घाल बाबा, तारेला हात लावू नको. का लावू नको ते सांगतो. ग्यानोबा तात्या थापा मारतो, असं तुम्ही माघारी म्हणता ते ठाऊक हाय. पण ही गोष्ट तात्याची न्हाई, भीमाची हाय. तो बघा, तिकडं खाटेवर झोपलाय. हळू बोला. भूत हा शब्द कानावर गेला तर उठून बसंल आन तुमच्यासकट तात्यालाही हाकलून लावंल. वस्तीतल्या विहारात रोज दिवा लावणारा माणूस तो, भुताखेताला मानत न्हाई.

भीमा पलटणीत होता, हे तुम्हाला ठाऊक हाय. पण त्याचं काम बंदुकीचं नव्हतं, तारेचं होतं. चीनच्या लढाईनंतर सिक्कीमच्या पहाडात आपल्या चौक्या इतक्या उंच बसवल्या की खेचरंसुद्धा दम टाकायची. मग फौजेनं एका डोंगरापासून दुसऱ्या डोंगराला जाड तार ताणली आन तिच्यावर लोखंडी पाळणा सोडला. वर जाताना पीठ, रॉकेल, काडतुसं. खाली येताना आजारी आन जखमी. खेचराला जिथं अख्खा दिवस लागायचा, तिथं पाळणा बिडी विझायच्या आत पोचायचा. हिकमत काही नवी नव्हती. भीमाच्या उस्तादानं ती इटलीत बघितली होती, हिटलरच्या लढाईत. आन तिथले म्हातारे त्या उस्तादाला सांगायचे की त्याच्याही आधीच्या मोठ्या लढाईत दोन्हीकडच्या फौजांनी बर्फाच्या कड्यांवर अशाच तारा टाकल्या होत्या, तोफासुद्धा तारेवरून चढवल्या होत्या.

त्या कामाचा कायदा एकच. तारेच्या दोन्ही टोकांना घंटा. एक टोला म्हणजे थांब. दोन टोले म्हणजे ओढ. एका टोकानं टोला दिला की दुसऱ्या टोकानं तोच परत द्यायचा, आन परत दिल्याशिवाय पाळणा ओढायच्या चरखीला हात लावायचा न्हाई. थांबचा टोला आला की थांबायचं. का म्हणून, कशाला म्हणून इचारायचं न्हाई. पहाडातलं धुकं असं की माणसाला आपलाच हात दिसत न्हाई, मग डोळ्यांपेक्षा घंटेवर इश्वास ठेवायचा.

वरच्या टोकाला असायचा मलप्पा. हा आपल्याच गावचा, लक्ष्मम्माचा एकुलता एक. लिंगायताचं पोर आन आपल्या वस्तीतलं पोर, गावात एका पाणवठ्यावर उभं राहायची सोय नव्हती, पण तिकडं एका ताटात जेवायचे. मलप्पा डावखुरा होता. तुटक्या तारेचे पदर एकमेकांत विणून सांधा करायचा असला की बाकीचे उजवीकडून विणायचे, हा डावीकडून. उस्ताद आधी शिव्या द्यायचा, मग सांध्याला धोंडा टांगून बघायचा आन गप बसायचा.

एका संध्याकाळी पाळण्यात दोन आजारी शिपाई खाली येत होते. मधेच वरून टोला आला. एक. भीमानं चरखी धरली. पाळणा धुक्यात लटकत राहिला, आन त्याच्या पुढ्यातून बर्फाचा अख्खा कडा घसरत गेला. शिपाई वाचले. लगोलग दुसरा कडा आला, तो वरच्या टोकावर. मलप्पाचं बूटसुद्धा सापडलं न्हाई. गावात पलटणीची तार आली तेव्हा लक्ष्मम्मा म्हणली, "आधी दाखवा, मग रडते." कुणी दाखवू शकलं न्हाई. ती रडली न्हाई.

मग आला बहात्तरचा दुष्काळ. तुम्ही तेव्हा नाक पुसायच्या वयाचे. पाण्याचा टँकर यायचा आन शेषेरावाच्या विहिरीत रिकामा व्हायचा. शेषेराव म्हणजे तेव्हाचा गावचा कारभारी. आपल्या बाया घागरी घेऊन लांब उभ्या, कुणी वरून ओतलं तर ओतलं. जो शेषेरावाच्या वावरात फुकट राबंल त्याच्या बाईच्या घागरीत जरा जास्त. खाली दऱ्यात झरा जिता होता, पण त्या घसरणीवरून भरली घागर चढवायची म्हणजे हाडं मोडून घ्यायची. भीमा पेन्शनीवर आलेला. त्यानं उदगीरला जाऊन जिनिंगच्या भंगारातली जाड तार आणली, चरखी आणली, डब्यासाठी पाळणा केला, दोन्ही टोकांना घंटेच्या जागी टांगायला रुळाचे तुकडे आणले. लोक हसले. म्हणले, पलटणीवाल्याच्या डोक्यात ऊन शिरलं. आन मग एका सकाळी पाण्यानं भरलेला डबा तारेवरून डुलत डुलत वर आला, तसं हसणं बंद झालं.

पहिला डबा त्यानं लक्ष्मम्माच्या दारात नेला. "अव्वा, पाणी आणलंय." सगळी गल्ली बघून राहिली होती. म्हातारीनं ओंजळ पुढं केली आन भीमाच्या हातून पाणी पिली. "माझ्या लेकाच्या ताटातला हाय हा," म्हणली, "बघायचं तर बघा."

दुसऱ्या दिवशी शेषेराव इथं आला. ह्याच जागी उभा राहिला.

"भीम्या, तार कुणाच्या हुकमानं बांधली?"

"पाणी दऱ्यातलं, तार माझ्या पेन्शनीतली, चरखी माझ्या दंडाची. हुकूम कुणाचा घेऊ?"

"अमुशाच्या आत उतरव."

"तार उतरणार न्हाई. तुमच्याकडं पाणी कमी पडलं तर डबा पाठवा, भरून देतो. वरून ओतून न्हाई, हातात देतो."

शेषेराव तारेच्या खांबापर्यंत गेला, वर बघितलं, खाली बघितलं आन निघून गेला. भीमाची बायको भामाबाई म्हणली, "आवं, तो गप गेला, हे काही खरं न्हाई." भीमा म्हणला, "जाऊ दे. आपण कुणाची चोरी केली का?"

त्र्याहत्तर सालातली वैशाखी अमावस्या. दिवसा झरा उपसून जायचा आन रात्री पुन्हा साचायचा, म्हणून रात्री भरायची पाळी असायची. त्या रात्री पाळी भामाबाईची. कंदील घेऊन ती नेहमीसारखी खाली उतरली. भीमा वर चरखीपाशी बसला. खालून दोन टोले, वरून दोन टोले, डबा वर. पुन्हा दोन टोले, पुन्हा डबा. वस्ती झोपलेली. रस्त्याच्या कामावरचा एक ट्रक वस्तीत मुक्कामाला होता, त्याचा ड्रायव्हर टपावर घोरून राहिला होता. वारं न्हाई. पान हलत नव्हतं.

बराच वेळ खालून टोला आला न्हाई.

भीमा उठून कड्याशी गेला. खाली कंदील एका जागी थांबलेला.

"भामे, काय झालं गं?"

ती ओरडली न्हाई. रात्री त्या सरपटणाऱ्या जनावराचं नाव घेऊ नये, म्हणून तेवढंच म्हणली, "आवं... पान लागलं."

भीमा पलटणीतला गडी, डोकं जागेवर ठेवलं. "चढू नको. पळू नको. लुगड्याचा काठ फाड, पाय बांध आन पाळण्यात बस. मी ओढतो." एरवी पाळण्यात पोर जरी बसलं तरी तो कानफाड फोडायचा, हा डब्याचा पाळणा हाय, माणसाचा न्हाई म्हणून. आज त्यानंच सांगितलं. चढ चढून आली असती तर इख सगळ्या अंगात भिनलं असतं. ट्रक वर तयार होता. उदगीरचा दवाखाना गाठायचा तर हाच रस्ता.

खालून दोन टोले आले. भीमानं दोन परत दिले. ओढायला लागला. चरखी कुरकुरली, पाळणा उचलला. कंदील पाळण्यातच होता, तो उजेड हळूहळू वर येताना दिसत होता. पाव अंतर. अर्धं अंतर.

आन खालून टोला आला.

एक.

भीमाचे हात जागच्या जागी थांबले. डोक्यानं नंतर इचार केला, हातांनी आधी कायदा पाळला.

खाली कुणी नव्हतं.

"भामे... तू वाजवलंस?"

"न्हाई... मी तर अर्ध्यात हाय." मग जरा वेळानं, "आवं, खाली कुणीतरी हाय."

"कोण?"

"दिसत न्हाई... गार वारं येऊन राहिलंय खालून. लई गार."

वैशाखात. गार वारं.

तुम्हीच सांगा, काय करावं माणसानं? बायकोच्या अंगात इख चढून राहिलंय. एकेक दम मोलाचा. आन रिकाम्या दऱ्यातून कुणीतरी म्हणतंय, थांब.

भीमानं एक टोला परत दिला. चरखीचा खटका लावला. बॅटरी घेतली आन तारेवर उजेड टाकत मागं गेला. खांबाच्या मागं, तो मोठा दगड हाय ना, त्याच्या आडोशाला, जिथं दिवसासुद्धा कुणाची नजर जात न्हाई... तिथं तार कानशीनं घासलेली होती. पाच पदर तुटलेले. एकच उरलेला. त्यातली एकेक बारीक काडी तट... तट... करून सुटत होती. खाली दगडावर लोखंडाचा ताजा भुगा.

अजून चार फेरे ओढलं असतं, तर भामाबाई दऱ्यात गेली असती.

भीमा तिथंच उभा राहिला. तार सांधायची तर आधी वजन उतरवावं लागतं, दोन माणसं लागतात, दिवसाचा उजेड लागतो. त्याच्यापाशी ह्यातलं काहीच नव्हतं. खाली सोडावं तरी त्याच तारेवरून, वर ओढावं तरी त्याच तारेवरून.

"आवं... पाय जड झाला." भामाबाईचा आवाज बारीक झाला होता.

भीमा मग रडला न्हाई, कुणाला हात जोडले न्हाईत. त्याला राग आला. असा राग आला की कड्यावर जाऊन तो अंधाराला बोलला.

"कोण हायस ते ठाऊक न्हाई. मलप्पा असशील तर ऐक. अर्ध्यात लटकवून ठेवायला थांबवलंस का मला? तुला डोंगरानं नेलं, तेव्हा मला इचारलं न्हाई. हिला न्यायचं तर मला इचारावं लागंल, आन मी न्हाई म्हणतोय. डोंगराला देणार न्हाई, शेषेरावाला देणार न्हाई, तुलासुद्धा देणार न्हाई. टोला देणाऱ्याचा जिम्मा असतो. दिलास, तर निभाव."

खाली काही हाललं न्हाई.

रातकिडे थांबले.

बॅटरी मिणमिणली... विझली.

भीमा चाचपत चरखीपाशी आला. दांडा धरला. लोखंड बर्फासारखं गार लागत होतं. तळव्याला चिकटत होतं. असं लोखंड त्यानं एकाच ठिकाणी धरलं होतं, वर, सिक्कीममध्ये.

किती वेळ गेला ते तो आजही सांगू शकत न्हाई.

मग खालून टोला आला.

एक...

...दोन.

ओढ.

अक्कल म्हणत होती, एका पदरावर माणूस येत न्हाई. भीमानं हात वर केला आन रुळावर टोला दिला. एक. दोन. मग ओढायला लागला. तार कण्हली. खांब हलला. फेरा. फेरा. फेरा. तार तुटली न्हाई. कंदिलाचा उजेड कड्यावर आला, पाळणा दगडाला लागला, आन भीमानं बायकोला खांद्यावर टाकलं ते थेट ट्रकपाशी.

वाचली. तुम्ही जिला लंगडी काकू म्हणता ना, तीच ही भामाबाई. तोंडावर म्हणू नका.

सकाळी भीमा उदगीरहून परत आला तेव्हा खांबापाशी सगळं गाव गोळा झालेलं. शेषेरावही आला होता, तुटलेली तार बघायला. दगडावर भुगा तसाच पडलेला. पण घासलेली जागा सापडंना. त्या जागी हातभर लांबीचा सांधा होता. सहाही पदर एकमेकांत विणलेले, टोकं आत घातलेली, वरून चरबी चोळलेली. भीमानं त्याच्यावरून हात फिरवला आन खाली बसला. पदर डावीकडून विणलेले होते.

लक्ष्मम्मा काठी टेकत आली. तिला आता दिसत कमी होतं. तिनं दोन्ही हातांनी सांधा चाचपला, एकदा, पुन्हा एकदा. वासराच्या दाव्याला लेक कशी गाठ मारायचा ते त्या हातांना ठाऊक होतं. "हौदु," म्हणली. होय. आन सगळ्यांसमोर रडायला लागली, इतक्या सालांत पहिल्यांदा. पोटभर रडली. मग डोळे पुसून उठली आन शेषेरावाच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"माझा लेक ह्या तारेवर ड्यूटीला हाय," म्हणली. "आता तोडून दाखव."

शेषेरावानं नजर उचलली न्हाई. त्या दुष्काळात त्याच्या घरचा डबासुद्धा ह्याच तारेवरून वर आला, आन भीमानं तो बोलल्याप्रमाणं हातातच दिला.

भूत म्हणलं की भीमा का चिडतो, ते आता कळलं का? तो म्हणतो, ड्यूटीवरच्या माणसाला भूत म्हणू नये.

त्याला आज नऊ सालं झाली. तार ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गंजली, खांब गंजला, चरखी तर हातात भुगा होऊन येते. सांधा गंजला न्हाई. चरबी अजून ओली हाय. पटत नसंल तर कंदील घ्या, दगडाच्या मागं जा आन बोट लावून बघा.

आन तिथं असताना खालून टोला आला, तर पळू नका. आधी तो परत द्या.