मागचं उजवं चाक

“माह्या पोरानं, नबीनं, टायरात हवा भरली होती, मॅडम,” हलीमाबी दारातूनच बोलली. “तरी पोलीस लायसन घेऊन गेले. ते गेलं तं आमी खायाचं काय?”

सीमा अमरावतीत खासगी तपासाचं काम करायची. तिनं खुर्ची पुढे केली. सहायक भगवंतनं वही काढली.

देवीदासचं फिरतं घर, म्हणजे आत बिछाने आणि शेगडी असलेली गाडी, कौंडण्यपूरच्या जत्रेहून अकोल्याला परतत होतं. मागचं उजवं टायर फुटलं, गाडी कलंडली. देवीदासच्या आईचा, माणिकबाईंचा, खुबा मोडला. देवीदासच्या जबाबावरून गुन्हा ड्रायव्हर नबीवर.

पंचनाम्यानंतर गाडी अकोल्यात देवीदासच्या अंगणात आणली होती. शेजारी कापूस वाहायची पिकअप उभी होती.

“टायर पाहा, नक्षी कोरी हाये!” देवीदास म्हणाला. “हवाच कमी असन.”

सीमानं फुटलेल्या टायरवरचा शिक्का वाचला: ०८१५. गाडीच्या उरलेल्या तीन टायरांवर २२२३ होतं. पिकअपच्या तीन टायरांवर ४०२१, चौथ्यावर २२२३. गाडीखाली स्टेपनीची जागा रिकामी होती.

“स्टेपनी?”

“चोरीले गेली.”

टायरवाला गोपाल त्याच्या दुकानात म्हणाला, “त्या गाडीले चारही नवे म्याच बसवले. स्टेपनीही बदला म्हटलं, तं देवीदासभाऊ म्हने, काहून? ते तं रस्त्याले लागलीच नाही.”

“मग गोपालनंच जुनं टायर खपवलं!” भगवंत म्हणाला.

“चल परत.”

अंगणात सीमा देवीदाससमोर उभी राहिली.

“शिक्क्याचे पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. फुटलेलं टायर २०१५ चं. तीच तुमची स्टेपनी. दहा वर्षं गाडीखाली तापत लटकली. नक्षी शाबूत राहिली, रबर तडकलं. गोपालनं बसवलेलं चौथं टायर पिकअपला आहे. चोरीला काहीच गेलं नाही. चाक तुम्ही बदललंत.”

देवीदासनं पिकअपच्या चौथ्या चाकाकडे पाहिलं. “कापसाच्या घाईत पिकअपचं टायर फाटलं. दोन्हीचं माप एकच. गाडीचं नवं तिकडं लावलं; स्टेपनी कोरी दिसली, म्हनून गाडीले ते लावली.”

“चूक ती नव्हे. नबीचं नाव घेतलंत, ती.”

“आईचा बिछाना त्याच चाकावर होता, मॅडम.”

“चला, ठाण्यात जबाब बदलायचा आहे.”

तो पिकअपकडे वळला, थांबला. “आईले कोन सांगन?”

“तुम्ही,” सीमा म्हणाली. “आधी ठाणेदाराला.”