पहिल्याच हाकेला

वाशीमच्या पाटणी चौकात, बियाण्यांच्या दुकानावर एक खोली होती. खालून कीटकनाशकांचा उग्र वास वर यायचा आणि खिडकीतून बसचे हॉर्न. त्या खोलीत बसून धम्मरत्न आणि त्याचा जोडीदार विनोद ‘हाकारा’ नावाचं अ‍ॅप चालवत.

काम तसं साधं होतं. आसेगावकडे तुरीच्या राखणीला बसलेली माणसं एका वावरातून दुसऱ्या वावरात हाक देत. रोही आले म्हणून, रानडुकरं आली म्हणून, कधी नुसतंच, शेजारचा धड आहे ना हे कळावं म्हणून. पलीकडून ‘ओ’ आली की जीव भांड्यात पडायचा. नाही आली तर काठी घेऊन बघायला जायचं. धम्मरत्ननं तीच हाक फोनवर आणली. एकच प्रोग्रॅम साध्या अँड्रॉइडवरही चाले आणि पुण्याच्या पोरांनी बापाला पाठवलेल्या आयफोनवरही.

त्यातली एक रीत त्याच्या वडिलांनी, भिवाजींनी, हट्टानं घालायला लावली होती. पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. भिवाजी भुताखेतांना मानणारे नव्हते. छप्पन्न साली आपल्या बापानं देव नदीत सोडले तेव्हा भुतंही त्यांच्यासोबत वाहून गेली, असं ते हसून सांगत.

“एकदा तं पाखरूबी वरडते,” ते म्हणत. “दोनदा नाव घेतलं तं समजावं, माणूस हाय.”

घरीही तेच. “जेवाले बलवाचं तरी दोनदा कोकलावं लागते या माणसाले,” म्हणून आई लिलाबाई करवादायची.

अनसिंगकडची गावं जोडली आणि अ‍ॅप दमलं. हाका अडकू लागल्या. नेमकी त्याच वेळी अकोल्याची एक बियाणे कंपनी ते तीन जिल्ह्यांत न्यावं का, हे बघायला येणार होती. धम्मरत्ननं दुसरी हाक काढून टाकली. खिशातला फोन हलताडुलता असला की माणूस जागा आहे असं धरून फोननंच ओ द्यायची, मालकाच्याच, आधी रेकॉर्ड करून भरून ठेवलेल्या आवाजात.

“दादा, माणसाच्या जागी फोन ओ देईन तं राखण कायची?” विनोद म्हणाला.

“कंपनीवाले जाऊ दे. मंग पाहू.”

भिवाजींची ‘ओ’ त्या खोलीतच भरली होती. आधी बारीक खोकला, मग ‘ओ’, आणि मागोमाग खालच्या बसचा हॉर्न. विनोद पुन्हा भरू म्हणाला. “राहू दे. लय झालं,” भिवाजी म्हणाले होते.

देखरेखीच्या स्क्रीनवर प्रत्येक हाकेची ओळ उमटे. कोणी मारली, कोणाला, कोणत्या जातीच्या फोनवरून. बदल केल्यानंतर एका भर दुपारी आसेगावकडे राखणीला बसलेल्या गोविंदाला हाक गेली. मारणाऱ्याचं नाव नव्हतं. फोनचा रकाना कोरा. ना अँड्रॉइड, ना आयफोन. गोविंदाच्या फोननं ओ दिली.

काहीतरी चूक असेल, असं धम्मरत्नला वाटलं. पण दुसऱ्या दुपारी गोविंदाच्याच नावापुढचा रकाना कोरा झाला, आणि त्याच्याकडून बबनरावांना हाक गेली. गोविंदाच्या बांधाला बबनरावांचा बांध लागून होता.

धम्मरत्ननं विनोदकडे पाहिलं. कंपनी येणार, तर आकडा फुगवायचा. दुसरं काय असणार?

“हे तू करून राह्यला काय?”

विनोदचा चहा हातातच राहिला. “माह्यावर डाउट घेता दादा? घ्या, लॅपटॉप पाहा. खिसेबी पाहा पाह्यजे तं.”

धम्मरत्ननं खरंच सगळं तपासलं. काही सापडलं नाही. संशय गेला नाही. विनोद जेवायला गेला तेव्हा त्यानं गुपचूप पासवर्ड बदलून टाकला.

मग ती पहिली हाक ऐकली. वाळल्या पाल्याची सळसळ. मग “गोविंदा”. एकदाच. आवाज ओळखीचा वाटत होता आणि कोणाचाच नव्हता.

त्यानं गोविंदाला फोन लावला.

“ओ.”

“काका, बरं हाय ना?”

“बरं हाय.”

पुढे काही नाही. एरवी सोयाबीनच्या भावावरून कान खाणारा माणूस.

“बबनरावच्या पल्याड कोणाचं वावर हाय?” विनोदनं हळूच विचारलं.

धम्मरत्नचा हात फोनकडे गेला. पल्याड भिवाजींचं वावर होतं, आणि दोन दिवसांपासून भिवाजी तिथं एकटेच राखणीला होते.

त्यानं बाबांना फोन लावला. नुसताच वाजत राहिला. दुसरी हाक परत घालायला तो धडपडत खुर्चीवर बसला. जुना प्रोग्रॅम वर चढत असतानाच स्क्रीनवर नवी ओळ आली.

बबनरावांकडून. भिवाजींना.

फोननं ओ दिली होती.

रकाना कोरा झाला.

मोटारसायकल त्यानं कशी दामटली ते त्यालाच आठवत नव्हतं. गाडीवाटेच्या टोकाला ती टाकून तो तुरीतून पायी निघाला. वारा नव्हता. तरी पाला सळसळत होता.

मचाण दिसलं. वर भिवाजी बसले होते, पाठमोरे. टोपी तीच, खांद्यावरचं उपरणं तेच. धम्मरत्नला हसू आलं आणि रडूही.

मचाणाखाली गवतात बाबांचा फोन पडला होता. त्यानं बटण दाबून पाहिलं. बॅटरी पार उतरलेली. त्यानं तो खिशात घातला.

मग त्यानं हाक मारली.

“बाबा.”

बाबा पहिल्या हाकेला बोलणार नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. दुसरीसाठी त्यानं श्वास घेतला.

वरून बारीक खोकला आला.

“ओ.”

आणि मागोमाग, चहूकडे तुरीशिवाय काही नसलेल्या त्या वावरात, बसचा हॉर्न वाजला.