जाण्याचे नऊ किलोमीटर

हे घडलेलं आहे. माझ्या बाबतीत घडलेलं.

आमचं घर भुताखेतं मानणारं नाही. पप्पांनी लहानपणापासून एकच शिकवलं, आधी पुरावा माग. म्हणून मी आकडे देते आहे.

ती गाडी अजून विकलेली नाही. पुढे सांगते आहे त्या शेवटच्या रविवारनंतर मी तिची चावीही फिरवलेली नाही. मीटर आता काय दाखवतो, मला माहीत नाही.

दहा मार्च २०२४. रविवार. मुलुंड पूर्व.

सकाळी पप्पांनी पोहे केले. मीठ जास्त झालं होतं. मी चेंबूरला नलिनी आत्याकडे निघाले तेव्हा ते खाली गाडी पुसत होते. छोटी पांढरी गाडी, २०१५ची, रिटायर झाल्यावर घेतलेली.

"पोचलीस की फोन कर."

"पप्पा, मी अडतीस वर्षांची आहे."

"मग? अडतिसाव्या वर्षी फोन लागत नाही?"

हे आमचं शेवटचं बोलणं.

दुपारी ते घाटकोपरला, हायवेच्या कडेला, गाडीत सापडले. गाडी नीट बाजूला घेतलेली. चारही इंडिकेटर चालू. हृदय बंद पडलं होतं. गाडी ट्रकवर चढवून घरी आणली.

आत्याला वाटतं, भाऊ तिच्याकडे जेवायला येत होता.

मी तिला तसंच वाटू दिलं.

सहा महिन्यांनी गाडी विकायची ठरवली. खाली उतरलं की ती दिसायची. एवढंच वाटत होतं, की पप्पांनी जपलेल्या गाडीला कोणी भंगाराचा भाव लावू नये.

शनिवारी कांदिवलीहून मर्विन आला. जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करतो. टायर दाबले, दारं उघडून-मिटून बघितली. मग मी चावी फिरवली.

३८,४१२.

"नऊ वर्षांत अडतीस हजार? ताई, सच्ची बोला. मीटर मागे फिरवलाय ना?"

मी पप्पांची वही त्याच्या हातात दिली. प्रत्येक फेरी लिहिलेली. निघालो, किती वाजता, मीटर किती. पोचलो, किती वाजता, मीटर किती.

"बाप रे! माझ्या बापाने माझ्या शाळेचा पण एवढा हिशेब ठेवला नाही." त्याने मीटरचा फोटो काढला. "दोन लाख ऐंशी. वहीमुळे. नाहीतर अडीचच्या वर कोणी जाणार नाही."

मग आवाज खाली आणून म्हणाला, "गाडीत कोणी गेलं-बिलं नाही ना? गिऱ्हाईक विचारतं."

"नाही," मी म्हणाले.

आणि तेवढ्यात...

टिक. टिक. टिक.

"इंडिकेटर चालू राहिला काय?" मर्विन वळला.

चावी माझ्या मुठीत होती.

आवाज थांबला.

दुसऱ्या दिवशी, दहा मार्चनंतर पहिल्यांदाच, आत्याकडे गेले. भाव बरोबर आहे का, तिला विचारायला.

"देऊन टाक गं. गाडी बघितली की तोच दिसतो," ती म्हणाली.

पुढच्या शनिवारी मर्विन गिऱ्हाईक घेऊन आला. मी चावी फिरवली. त्याने मोबाइलमधला आधीचा फोटो उघडला, मीटरकडे बघितलं. पुन्हा फोटो...

३८,४२१.

"गाडी कोण चालवतं?"

"कोणीच नाही."

"ताई, लोक मीटर मागे फिरवतात. पुढे फिरवणारं माणूस पहिल्यांदा बघतोय."

गिऱ्हाईक निघून गेलं. मर्विनने भाव दोन दहावर आणला. मीटरवर भरवसा नाही तर वहीलाही किंमत नाही, म्हणाला.

पप्पांची वही खोटी ठरली होती.

माझा संशय वॉचमनवर गेला. काशीराम दुखावला. "ताई, मला सायकलशिवाय काही येत नाही. साहेबांच्या गाडीला मी हात लावीन?"

तरीही मी टायरपासून जमिनीपर्यंत खडूची रेघ ओढली. चावी पर्समध्ये टाकली. कोणाला सांगितलं नाही. रविवारी आत्याकडे गेले, संध्याकाळी परत आले.

खडूची रेघ तशीच होती. बॉनेटवरची धूळ तशीच होती.

मी धुळीवर हात ठेवला...

बॉनेट कोमट होतं.

३८,४३०.

मग मी वहीचं शेवटचं पान उघडलं. ते मी आजवर टाळत आले होते.

दहा मार्च. निघालो, १२.४०. मीटर ३८,४०३. चेंबूर.

पुढे 'पोचलो'. त्यासमोर कोरं.

बारातून तीन गेले. नऊ किलोमीटर. आमच्या घरापासून ते सापडले त्या जागेपर्यंत. नंतरही नऊ. पुन्हा नऊ. फक्त जाण्याचे. परतीचा एकही नाही.

दोन्ही वेळा मी आत्याकडे गेले होते.

तिसऱ्या रविवारी मी मर्विनला चावी दिली आणि गाडीत बसून राहायला सांगितलं.

"टाइम खोटी करताय, ताई."

"आकडा हलला तर फोन करा."

मी चेंबूरला गेले. बारा चाळीसला फोन वाजला.

"ताई... एक वाढला."

"इंजिन?"

"बंद आहे. गाडी जागेवर आहे. उघड्या दारातून खडूची रेघ दिसतेय मला." तो जोरात श्वास घेत होता. "दोन. मी उतरतो. मला नको तुमची गाडी."

"उतरू नका. पाया पडते. आकडा सांगत राहा."

दहा मार्चला, ते घरून निघण्याआधी, आत्याच्या याच टेबलावर पप्पांचा फोन तीनदा आला होता. मी नाव बघितलं होतं. पोचल्याचा फोन करायला मी विसरले नव्हते. मी लहान नाही, हे एकदा तरी त्यांना कळू दे, म्हणून फोन पालथा ठेवला होता. आत्या तेव्हा भात वाढत होती.

"पाच... सहा."

आताही ती भाताचं पातेलं घेऊन दारात उभी होती. "कोणाशी बोलतेस गं? पांढरी का पडलीस?"

"सात. ताई, शेजारची सीट गरम लागतेय... ताई, आठ!"

"मर्विन, फोन स्पीकरवर टाका."

"टाकला."

 मर्विनचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता.

मी आत्याकडे बघत, तिलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले,

"पप्पा, मी पोचले. त्या दिवशी साडेअकरालाच पोचले होते."