दोऱ्याएवढं अंतर

आई विमानात होती आणि आजोबा ओसरीवर पांढऱ्या चादरीखाली. वर्ध्याच्या त्या घरात कस्तुरीला दुसरं काहीच दिसत नव्हतं.

"व्हॅन्कुव्हरहून थेट नागपूरचं विमान मिळालं. तुमच्या रात्री बाराला उडतंय. बाबांना बघू द्या मला, थांबा," एवढाच आईचा निरोप आला. मग वादळात मोबाइलचा मनोरा कोसळला आणि गावचे फोन मुके झाले.

दिवाकरमामांनी भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर पट्टी ठेवली. रेघ नकाशाच्या निम्म्याहून लांब निघाली. "बावीस हजार किलोमीटर तरी आहे बाप्पा! ताशी नऊशेने चोवीस तास. म्हणजे ती मध्यरात्री उतरणार," ते खचून म्हणाले. "सूर्य मावळल्यावर आपल्यात अग्नी देत नाहीत. दुपारी बाराला निघू."

कस्तुरी ताडकन उठली. ती आजोबांच्या खोलीत गेली. आजोबा हवामानशास्त्रज्ञ होते. त्यांनीच बनवलेला चौकोनी यंत्रमानव, ठोकळ्या, कोपऱ्यात उभा होता.

"ठोकळ्या, आई खरंच एवढी लांब आहे?"

"नकाशा सपाट आहे. पृथ्वी कशी आहे?"

"गोल."

"संत्र्याची साल टेबलावर सपाट कर बघू. फाटते ना? ती फाटू नये म्हणून या नकाशात वरचा आणि खालचा भाग ताणलाय. ध्रुवाजवळचं जग तिथे आहे त्यापेक्षा फार रुंद दिसतं. आजोबांचा दोरा घे."

पृथ्वीगोलाच्या बुडाशी लाल दोरा होता. कस्तुरीने तो व्हॅन्कुव्हरवर धरला आणि नागपूरपर्यंत ताणला. दोरा पूर्वेला गेलाच नाही! तो सरळ वर चढला, उत्तर ध्रुवाच्या जवळून गेला आणि रशियावरून खाली आला.

"हा महावर्तुळाचा (गोलाचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळाचा) तुकडा," ठोकळ्या म्हणाला. "गोलावर दोन गावांमधली सगळ्यात जवळची वाट हीच. आता तेवढाच दोरा विषुववृत्तावर ठेव. ते चाळीस हजार किलोमीटर आहे."

दोरा त्याच्या तिसऱ्या हिश्शालाही पुरला नाही. "बारा हजार!" कस्तुरीने नऊशेने भागलं. "तेरा तासांच्या वर थोडंसं!"

"वारा समोरून आला तर अजून थोडा वेळ लागेल."

पृथ्वीगोल कवटाळून ती ओसरीवर धावली. तिरडी बांधून तयार होती. "मामा, आई दोनच्या आत उतरेल! नका ना नेऊ!"

"पोरी, आता हा खेळ कशाला?" कुणीतरी म्हणालं. पण मामांनी दोरा स्वतः ताणून पाहिला. मग पुन्हा ताणला. लहानपणी बाबांनी हेच शिकवलं होतं आणि आपण ते साफ विसरलो, हे त्यांना आठवलं असावं. त्यांचे डोळे भरून आले.

"थांबू. नागपूरहून गाडीने यायला दोन तास धरू. चारपर्यंत थांबू," ते म्हणाले.

दोन वाजले. तीन वाजले. सगळे फाटकाकडे बघत होते. कस्तुरीला वाटलं, आपलं चुकलंच. साडेतीनच्या पुढे टॅक्सी थांबली. आई धावत आली आणि आजोबांच्या पायांवर कोसळली. तिच्या रडण्याने सगळं घर हललं.

स्मशानातून मामा परतले तेव्हा अंधार पडला होता. आई कस्तुरीला जवळ घेऊन बसली. "खाली नुसता बर्फ दिसत होता गं. मला वाटलं, हे विमान भलतीकडेच चाललंय. मी पोचतेय की नाही..."

"ते बरोबर वाटेनेच चाललं होतं," कस्तुरी म्हणाली. "मोठी झाले ना, की त्या वाटेने मी विमान नेईन."

ठोकळ्याचे दिवे लुकलुकले. आजोबा रोज म्हणायचे ते वाक्य तो बोलला, "आधी दोरा गुंडाळून जागेवर ठेव. उद्या लागेल."

कस्तुरीने डोळे पुसले आणि दोरा गुंडाळायला घेतला.