खोक्यावरचा नंबर

"चकल्या तुम्हीच ना?"

दारात उभ्या असलेल्या तरुणाने हे इतक्या सभ्यपणे विचारलं, की वल्लरीला आधी हो म्हणावंसं वाटलं. तिला सगळ्यांनाच हो म्हणावंसं वाटायचं. तिच्या धंद्याचं जे काही झालं होतं, ते त्यामुळेच झालं होतं.

"मी... डिझाइन करते," ती म्हणाली. "चकल्या खाली. तात्यारावांच्या दुकानात."

"त्यांनीच वर पाठवलंय. म्हणाले, आम्ही फक्त चकल्या करतो, खोकी वरची मुलगी करते." त्याने सॅकमधून दिवाळीच्या फराळाचं नवंकोरं खोकं काढलं, पालथं केलं आणि तिच्यासमोर धरलं. "ऑर्डरसाठी संपर्क. हा नंबर बघता का जरा?"

वल्लरीने पाहिला. तिनेच निवडलेलं अक्षर, तिनेच निवडलेला शेंदरी रंग. फार ठसठशीत उठला होता.

"बघितला."

"हा माझा आहे."

बाहेर ऑक्टोबरचं ऊन मी म्हणत होतं, खालून तळणीचा खमंग वास वर येत होता, आणि वल्लरीने खोकं हातात घेऊन नंबर पुन्हा वाचला. नमुना करताना तात्यारावांचा नंबर हाताशी नव्हता, म्हणून तिने मनानेच दहा आकडे लिहिले होते, म्हणायला तालात बसतील असे. पुढे खरा नंबर घातलेली फाइलही केली होती. पण तिच्या लॅपटॉपवर त्या एका खोक्याच्या 'फायनल', 'फायनल नवी', 'फायनल हीच' आणि 'फायनल आईशप्पथ' अशा फाइली नांदत होत्या. त्यातली भलतीच छापखान्यात गेली.

"लोक... फोन करतात?"

"रोज पहाटेपासून. पहिल्या दिवशी मी राँग नंबर म्हणून सांगत होतो. एक आजोबा म्हणाले, 'राँग कसा? छापलाय.' मग मी ऑर्डरी घ्यायला लागलो."

"घ्यायला लागलात?"

त्याने मोबाइल पुढे केला. नाव, पत्ता, काय हवं, किती हवं, तिखट चालतं का... सगळं आपापल्या रकान्यात शिस्तीत बसलेलं. "हे तात्यारावांना द्या. सहकारनगरच्या बाईंना बिनलसणाचा चिवडा हवाय. त्या दोनदा बोलल्यात."

तो आयुष. राहायला वारज्याला, नोकरी खराडीला, आणि नोकरी तरी कसली? छोट्या धंद्यांना आपली गिऱ्हाइकं आणि कामं नीट सांभाळता यावीत म्हणून घडी बसवून देणाऱ्या कंपनीत. सगळ्या पुण्यात वल्लरीला ज्या माणसाची सर्वांत जास्त गरज होती, तिचे मनचे आकडे नेमके त्याच्याच खिशात जाऊन वाजले होते. दुसरं कोणी याला योगायोग म्हणालं असतं. आनंदीआत्या म्हणाली, "निष्काळजीपणा."

आनंदीआत्या विमा कचेरीतून निवृत्त झाली होती. वल्लरीचा स्टुडिओ म्हणजे आत्याच्या शनिवार पेठेतल्या घराची पुढची खोली. त्या खोलीचं भाडं आत्या घेत नसे, त्याऐवजी मतं देत असे. आईवडील नाशिकला असल्यामुळे वल्लरीच्या लग्नाचं खातंही तिच्याकडेच होतं.

"मी स्टिकर करून देते," वल्लरी म्हणाली. "आजच. सगळ्या खोक्यांवर चिकटवू."

"ते कराच. पण पुढच्या वेळी अग्निशमन दलाचा नंबर छापून आला तर?" आयुषने टेबलावरच्या पसाऱ्याकडे पाहिलं. "शनिवारी मला सुट्टी असते. घडी बसवून देऊ का?"

"आणि फी?"

"फराळ. इतके दिवस नुसत्या ऑर्डरी घेतल्यात, खाल्लं काहीच नाहीये."

असे आयुषचे शनिवार सुरू झाले. तो खिडकीपाशी बसायचा, लॅपटॉप उघडायचा आणि डॉक्टरसारखे प्रश्न विचारायचा.

"काम संपलं, हे तुम्हाला कसं कळतं?"

"क्लायंटचे फोन यायचे थांबतात."

"आणि नाही थांबले तर?"

"मग... संपलेलं नसतं."

तो ते गंभीरपणे लिहून घ्यायचा. फक्त हसू दाबताना त्याच्या डाव्या गालाला हलकीशी खळी पडायची. तिसऱ्या-चौथ्या प्रश्नापासून वल्लरी त्या खळीसाठीच उत्तरं द्यायला लागली.

त्याने स्क्रीनवर एक फलक मांडला. प्रत्येक कामाचं एक कार्ड, आणि त्या कार्डाने डावीकडून उजवीकडे सरकत जायचं: चौकशी, पहिली भेट, नमुने, बदल, मंजुरी, पूर्ण. सगळं मराठीत, कारण आत्याने बजावलं होतं, "माझ्या घरात चाललेलं मला वाचता आलं पाहिजे." कार्डावर पुढची पायरी आणि तारीख. काम 'पूर्ण'मध्ये गेलं, की गिऱ्हाइकाला आभाराचा मेसेज आपोआप. शिवाय दोन नियम. बदलाच्या फेऱ्या दोनच, आणि शेवटचा शब्द एकाच माणसाचा.

"तात्यारावांकडे बायको, मेहुणा आणि मेहुण्याचे गुरुजी, असे तिघे सांगतात," वल्लरी म्हणाली.

"एकाचाच."

"तुम्ही फार कडक आहात."

"मी? लोकांना तिखट चालतं का विचारणारा माणूस मी." त्याने चिवड्याची बशी पुढे ओढली. खाताना तो शेंगदाणे वेगळे काढून कडेला ठेवत होता.

"आवडत नाहीत?"

"आवडतात की."

"मग?"

"मागच्या शनिवारी तुम्ही वेचून वेचून तेवढेच खात होता," तो स्क्रीनकडेच बघत म्हणाला आणि बशी तिच्याकडे सरकवली.

वल्लरी प्रेमात पडली ती तेव्हा. उगाच आढेवेढे कशाला घ्या.

आता घडी तर झकास बसली, पण वल्लरी तिच्याकडे ढुंकून बघत नव्हती. क्लायंटचा फोन आला की ती "हो हो, करते" म्हणायची आणि करायची. फलक मनापासून वापरत होती ती एकटी आत्या. दुपारी सगळी पेठ झोपली की ती चष्मा चढवून बसायची आणि कार्डं सरकवायची. उभ्या हयातीत इतका नीटनेटका खेळ तिला कोणी दिला नव्हता.

दिवाळीच्या तोंडावरच्या शनिवारी आयुषने शेवटची तपासणी काढली. "योगवर्गाचं बोधचिन्ह, ठीक. मसाल्याची पाकिटं, ठीक. 'रविराज, औंध'... हे कुठलं काम?"

"आठवत नाही," वल्लरी म्हणाली.

"कार्डावर लिहिलंय: इंजिनिअर. उंची बरी. आई बोलकी. पहिली भेट झाली, पोहे केले."

आत्याने चष्मा काढून पदराला पुसला. "ते माझं खातं आहे."

"आत्या, तू माझी स्थळं यात घातलीस?"

"का? चौकशी, पहिली भेट, मंजुरी. मला वाटलं, यांनी त्यासाठीच केलंय."

"पण हे रविराज 'पूर्ण'मध्ये आहेत," आयुष जपून म्हणाला.

"नकार कळवला. काम संपलं."

"मग त्यांना मेसेज गेला असेल... 'आमच्याबरोबर काम केल्याबद्दल आभार. सेवा कशी वाटली?'"

"गेला की. चार तारे दिले त्यांनी. लिहिलंय, 'पोहे उत्तम. मुलगी प्रत्येक प्रश्नाला बघू म्हणाली.'"

आयुषच्या गालाला खळी पडली. मग त्याची नजर शेजारच्या कार्डावर गेली आणि ती विरली. 'साई. पुढची पायरी: होकार कळवणे. उद्या संध्याकाळी.'

"होकार मी कधी दिला?" वल्लरीचा आवाज चिरकला.

"नकार तरी कधी दिलास? विचारलं तर 'बघू'. मुलगा चांगला आहे, माणसं उद्यापर्यंत थांबलीत. किती दिवस टांगून ठेवायचं? तो काय आकाशकंदील आहे?" आणि आत्या चहा टाकायला आत निघून गेली.

आयुष लॅपटॉपची वायर गुंडाळत होता. एकदा गुंडाळून झाली होती, तरी त्याने ती सोडून पुन्हा गुंडाळली.

"तुमचं काम झालं," तो म्हणाला. "आता मी यायची गरज नाही."

वल्लरीला एकच वाक्य म्हणायचं होतं. ते सोडून ती म्हणाली, "म्हणजे... तुम्ही पुढच्या शनिवारी एकदा बघून जाऊ शकता. किंवा काही अडलं तर मी फोन करीन. किंवा मग... दिवाळीनंतर, तुम्हाला जमेल तसं."

तो थांबला. "तुम्ही क्लायंटला नेहमी तीन नमुने दाखवता. त्यातला कुठला खरा, ते तुम्हाला माहीत असतं ना?"

"असतं."

"मग उरलेले दोन का दाखवता?"

तिने खिडकीबाहेर पाहिलं. "समोरच्याला नाही म्हणायला काहीतरी मिळावं म्हणून. म्हणजे मग... खऱ्याला नाही म्हणत नाहीत."

आतून आलेला चहा आयुषने उभ्याउभ्याच संपवला, आत्याला नमस्कार केला आणि जिना उतरून गेला. चिवड्याची बशी तशीच राहिली होती. कडेला शेंगदाणे होते. वल्लरीने ते खाल्ले नाहीत, आणि तिला रडू आलं.

रविवारी दुपारी तात्यारावांचा फोन आला. लग्नसराईसाठी लाडवांचं खोकं चाललं होतं. "गुरुजी म्हणतात, शेंदरी नको, जांभळा घ्या."

वल्लरीच्या तोंडात "हो हो" तयारच होतं. समोर फलक उघडा होता. "तात्याराव," ती म्हणाली, "बदलाच्या दोन्ही फेऱ्या झाल्यात. शेवटचा शब्द तुमचा ठरलाय, गुरुजींचा नाही. आता बदल होणार नाही."

पलीकडे कढईचा आवाज येत राहिला.

"बरं," तात्याराव म्हणाले. "मलाही शेंदरीच आवडला होता. कोणी विचारेना."

वल्लरीने फोन ठेवला आणि वर पाहिलं. छत जागच्या जागी होतं. तेवढ्यात आत्या हातात मोबाइल घेऊन बाहेर आली.

"साईच्या घरी लावते हं."

"नको. मी बोलते त्याच्याशी."

ती बोलली. "तुमच्यात काही कमी नाही, पण माझा नकार आहे," असं चक्क म्हणाली. साई म्हणाला, सांगितलंत ते बरं केलंत. आत्या तिच्याकडे प्रथमच पाहिल्यासारखी बघत राहिली. मग शिस्तीत लॅपटॉपपाशी बसली.

"नकाराचं कारण लिहिल्याशिवाय हे कार्ड बंद होत नाही. तुझ्या त्या आयुषनेच तसं केलंय. काय लिहू?"

"दुसरा नमुना पसंत पडला."

"कुठला?"

वल्लरी नंबर फिरवत होती. तो तिला शोधावा लागला नाही, पाठही करावा लागला नव्हता. ते आकडे तिनेच तर जुळवले होते, म्हणायला तालात बसतील असे.

"बोला," पलीकडून थकलेला आवाज आला. "चकली की चिवडा?"

"आयुष... मी."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"काल मी तीन पर्याय दिले," ती घाईघाईने म्हणाली, कारण थांबली असती तर 'बघू' म्हणाली असती. "ते चुकीचे होते. एकच आहे. मला तुम्ही... मला तू हवा आहेस. फक्त शनिवारी नाही, रोज. यात बदल होणार नाही."

"शेवटचा शब्द कोणाचा आहे?" त्याने हळूच विचारलं.

"माझा."

"मग मंजूर." आणि जराशाने, "काल जिन्यात मी अर्ध्यातून परत वर आलो होतो. दारापर्यंत. चौकशीच्या रकान्यात यायला काय लागतं, ते आत्यांना विचारायला."

"मग विचारलं का नाहीस?"

"तुला हो म्हणायची सवय आहे. म्हटलं, मलाही तू क्लायंटसारखंच नुसतं 'हो हो, करते' म्हणायचीस."

आत्याने फोन तिच्या हातातून काढून घेतला आणि स्पीकर लावला. "अहो आयुष, नियम सगळ्यांना सारखे. आधी चौकशी. पत्रिका आहे का?"

"नाही, आत्या. आमच्याकडे बघत नाहीत. आम्ही बौद्ध. लग्न विहारात, साधंच."

आत्याने फोन टेबलावर ठेवला. हे सगळं क्लायंटपेक्षा, तात्यारावांपेक्षा, साईपेक्षा मोठं होतं, आणि या वेळी शेवटचा शब्द आपलाच आहे हे वल्लरीने मनाशी पक्कं धरलं.

"आमच्याकडे बघतात," आत्या म्हणाली. "माझे आणि ह्यांचे छत्तीसपैकी बत्तीस गुण जुळले होते. उरलेले चार आम्हाला जन्मभर भांडायला पुरले. तो रकाना मी काढून टाकते. विहारात पंखे आहेत ना?"

"आहेत."

"मग दिवाळीत आईला घेऊन या. पोहे करते. नाशिकला मी कळवते, त्यांनाही शेवटी मीच समजावणार."

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आयुष आईला घेऊन आला. शर्मिलाताई वारज्याच्या शाळेत शिक्षिका होत्या आणि त्यांच्याकडे विचारायच्या प्रश्नांची चांगली लांबलचक तयारी होती. वल्लरीने बशा आणून ठेवल्या. मध्येच आयुषचा फोन वाजला. खोक्यांवर स्टिकर लागले होते, पण काही खोकी आधीच गावभर गेली होती. वल्लरीनेच तो उचलला आणि अनारशांची ऑर्डर घेऊन ठेवून दिला.

तोवर आयुषने पोह्यांतले शेंगदाणे वेगळे काढून बशीच्या कडेला रचले होते. न बोलता त्याने बशी वल्लरीकडे सरकवली आणि तिने न बोलता ते वेचून खाल्ले.

शर्मिलाताई ते बघत होत्या. त्यांनी चहाचा घोट घेतला, आणि विचारायचे सगळे प्रश्न बाजूला ठेवून आत्याला म्हणाल्या, "तारीख कधीची धरायची?"