हातभर जागा

ही गोष्ट माझ्या मावसबहिणीची. तिने ती फक्त मला सांगितली; आणखी कुणाला सांगणार नाही, म्हणून मी सांगतोय. यात पदरचा एक शब्दही घातलेला नाही. मी शाळेत गणित शिकवतो, मला पदरचं घालायची सवय नाही. शिवाय यातला थोडा भाग माझ्याच हातून घडलाय. तो नसता घडला तर बरं झालं असतं, असं अजून वाटतं.

रात्र नव्हती. दिवे गेले नव्हते. कुत्री रडत नव्हती.

रविवार होता, दुपारचे चार वाजले होते, आणि खिडकीतून इतकं ऊन येत होतं की तिने पडदा अर्धा ओढून घेतला होता.

तिला आम्ही सगळे धाकटी म्हणतो. आईवडिलांची एकुलती एक, तरी धाकटी. त्रेपन्न वर्षांची झाली तरी धाकटीच. का, ते कुणी कधी विचारलं नाही. घरातली नावं अशीच कुठून तरी पडतात आणि चिकटून बसतात.

धाकटी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. तीस वर्षं लोकांना त्याच पाटीवरची अक्षरं वाचायला लावतेय. तिच्या आईचे, म्हणजे माझ्या मावशीचे डोळे मात्र काचबिंदूने नेले. मावशीला उजेड आणि अंधार तेवढा कळायचा.

धाकटीचे वडील फोटोवाले होते. खाली स्टुडिओ, वर घर. ते जाऊन सहा महिने झाले, तेव्हा कपाट आवरताना एक पत्र्याचा डबा निघाला. आत फोटो होते. वर्षाला एक. दरवर्षी तोच दिवस, मागे तोच रंगवलेल्या जिन्याचा पडदा, आणि पुढे मावशी नि धाकटी.

"मला काही दिसायचं नाही," मावशी म्हणाली. "तू सगळ्यांना पाठव. कुणीतरी बघू दे."

धाकटीला ते फोटो नकोसेच वाटायचे. काका, म्हणजे तिचे वडील, कॅमेऱ्यामागून दरवर्षी तेच सांगायचे. "सरक. अजून थोडी. हां, तिथंच."

प्रत्येक फोटोत दोघींच्या मध्ये हातभर जागा.

"आईला चिकटून काढलेला एकही फोटो नाही रे माझा," असं ती मला एकदा म्हणाली होती. हसत म्हणाली, आणि लगेच विषय बदलला.

फोटोंच्या मागे पेन्सिलीने आकडे होते. ती एक वर्षाची असतानाच्या फोटोमागे ८. पुढच्या वर्षीच्या फोटोमागे ९. रोलचे नंबर असतील, असं तिला वाटलं.

तिने एकेका फोटोचा मोबाइलवर फोटो काढला आणि आमच्या 'आपली माणसं' ग्रुपवर टाकत गेली. एकूण वीस.

चार वाजून दहा मिनिटांनी पहिला निरोप आला.

तो माझा होता.

'मधली मुलगी कोण गं? दोन वेण्यांची?'

तिला वाटलं, मी चेष्टा करतोय. तिने लिहिलं, 'मध्ये कुणी नाहीये. तुझा नंबर वाढलाय, दुकानात ये.'

मी फोटो मोठा करून पाहिला. मग लिहिलं, 'अगं, मावशीने तिचा हात धरलाय की.'

धाकटीने पुन्हा फोटो उचलला. एक डोळा झाकून पाहिला. मग दुसरा झाकून. तिला दिसत होता फक्त रंगवलेला जिना.

आणि मावशीचा डावा हात.

अंगापासून जरा दूर. बोटं अर्धी मिटलेली... काहीतरी धरल्यासारखी.

इतक्या वर्षांत तिने ते कधी पाहिलंच नव्हतं.

मग तिच्या आत्याचा, काकांच्या बहिणीचा, बोललेला निरोप आला. धाकटीने तो मोठ्याने लावला.

"अगं धाकटे... हिचा फोटो होता तुमच्याकडे? दादा तर म्हणायचा, रोल कोरा गेला..."

पुढे शब्द नव्हते. म्हातारीच्या रडण्याचा आवाज होता, निरोप संपेपर्यंत.

खुर्चीत मावशी पदराचं टोक चाळवत बसली होती. तिचा हात थांबला.

"आई, कोण होती ती?"

मावशीने पदराचं टोक मांडीवर ठेवलं. मग एकदाचं बोलली.

"तुझी ताई. तुझ्याआधी सात वर्षं झालेली. तुझ्या बाबांनी तेव्हा पहिला कॅमेरा घेतला होता. स्वतःचा. पहिल्या रविवारी तिचे छत्तीस फोटो काढले. पोरगी नुसती नाचत होती. आकडा पुढे जात होता, पण रोलचं टोक आतल्या चाकात अडकलंच नव्हतं. रोल जागचा हललाच नाही. धुतल्यावर कोरी पट्टी. हसलो गं तेव्हा आम्ही दोघं. हे म्हणाले, पुढच्या रविवारी काढू."

"मग?"

"बुधवारी ताप आला. पुढचा रविवार नाही दिसला तिला. चार वर्षांची होती."

धाकटीला बाबा आठवले. रोल भरला की कॅमेऱ्यावरच्या छोट्या चकतीवर बोट ठेवून ती फिरतेय ना, म्हणजे रोल आत सरकतोय ना, ते बघायचे. एकदा नाही, तीनदा. एक, दोन, तीन, असं मोठ्याने मोजायचे. ती त्यांची नक्कल करायची. ते कधी हसले नाहीत.

आणि ते आकडे... रोलचे नव्हते. ताईच्या वयाचे होते.

"मला का नाही सांगितलं?"

"त्यांनी शपथ घातली होती. आपण कुणाच्या तरी बदल्यात आलो, असं तुला वाटायला नको म्हणून." मावशी पुढे झुकली. "कशी दिसते गं ती? माझा एकच चेहरा राहिला होता तिचा, डोक्यातला. तोही हल्ली पुसला जातोय. तिला आठवायला जाते, तर तूच येतेस."

धाकटीला काहीच दिसत नव्हतं. ती आमचे निरोप वाचत गेली. दोन वेण्या. पुढच्या फोटोत उंच झालीये. इथे चष्मा लागलाय. इथे साडी.

मावशी प्रत्येक शब्दाला मान हलवत होती.

"हनुवटीवर खूण आहे का बघ. पायरीवर पडली होती."

धाकटीने मला विचारलं. मी फोटो मोठा केला. हनुवटीच्या डावीकडे, नखाएवढी. 'आहे,' मी लिहिलं. मला तेव्हा यातलं काहीएक माहीत नव्हतं. विचारलं म्हणून सांगितलं.

"हसतेय?"

"हसतेय," धाकटी म्हणाली. हे मात्र तिने कुणाला विचारलं नाही.

मग तिचा बांध फुटला.

"आणि मी, आई? वीस फोटो झाले. मी कशी दिसते ते एकदाही नाही विचारलंस."

"तुला तर रोज बघत होते गं."

खरं होतं. तरी ते तिला पुरलं नाही. पन्नास वर्षांचं साचलेलं एका वाक्याने कसं जाणार? ती उठली, खुर्चीच्या हातावर बसली आणि आईच्या गालाला गाल लावला. मध्ये बोटभरही जागा ठेवली नाही. मोबाइल समोर धरला.

मावशीने हात वर केला. धाकटीचे केस चाचपले. गाल चाचपला. बोटं हनुवटीवर आली...

आणि तिथेच थांबली.

"आलीस?"

आईचा तो आवाज धाकटीने जन्मात ऐकला नव्हता.

तिने पटकन स्वतःच्या हनुवटीला हात लावला. गुळगुळीत. खूण नाही, काही नाही. पण मावशीचं बोट एकाच जागी गोल गोल फिरत होतं, आणि तिच्या न दिसणाऱ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

आई, मी आहे. धाकटी.

ओठांवर आलेलं तिने गिळलं. आई इतकी खुश होती की बोलवेना.

तिने फोटो काढला. तिच्या मोबाइलवर दोघी होत्या, गालाला गाल लावून. आयुष्यातला पहिला तसा फोटो. तिने तो ग्रुपवर टाकला.

उत्तर माझंच गेलं. हात तोडून टाकावासा वाटतो आता.

'मावशी किती खुश दिसतेय! शेजारी तीच ना, खूणवाली? केस पिकलेत तिचे. पण तू का नाहीस फोटोत?'

नऊ दिवसांनी मावशी गेली. झोपेतच. ते नऊ दिवस ती धाकटीशी चार वर्षांच्या पोरीशी बोलावं तसं बोलत होती. वेणी घालू का, पायरी सांभाळून उतर. धाकटी प्रत्येक हाकेला ओ देत राहिली. स्वतःचं नाव तिने एकदाही सांगितलं नाही.

मागच्या महिन्यात आम्ही सगळे माझ्या घरी जमलो होतो. शेजाऱ्यांनी सगळ्यांचा फोटो काढला. धाकटी कडेला उभी होती, माझ्यापासून हातभर लांब.

"जवळ ये ना," मी म्हटलं.

"नको. तेवढी जागा राहू दे."

त्या दिवशी सगळे पांगल्यावर फोटो ग्रुपवर आला. माझ्या मोबाइलवर बोट लावल्याशिवाय फोटो उघडत नाही, नुसता धूसर चौकोन दिसतो. मी बोट लावणार, इतक्यात धाकटीचा निरोप आला. फक्त मला.

'मी आहे ना रे त्यात?'

मी लगेच लिहिलं, 'आहेस.'

फोटो मी अजून उघडलेला नाही.