कुऱ्हाड न लागलेलं जहाज

शनिवारी सकाळी सेंट ब्रेन्डन चर्चमधलं पितळ घासायचं, हा लॉईस थर्लोचा एकोणतीस वर्षांचा नेम होता. आधी गरुड, ज्याच्या पसरलेल्या पंखांवर बायबल ठेवून वाचतात, तो. मग मेणबत्त्यांची घरं. आणि शेवटी, हात भरून आलेले असले तरी जास्त जोर लावून, पणजोबांची पाटी. 'कॅप्टन एसा थर्लो यांच्या स्मरणार्थ. हे छत त्यांनी दिले.' घराण्याचा तिला अभिमान होता, आणि तो झाकून ठेवायची तिला कधी गरज वाटली नाही.

छत म्हणजे मुळात एक जहाज होतं. 'पेशन्स' नावाचं छोटं शिडाचं जहाज १८७१ च्या नोव्हेंबरात खाडीच्या तोंडाशी उलटलं. एसांनी आपल्या होडीने ते ओढून आणलं आणि सुतारांनी ते तसंच पालथं चार भिंतींवर चढवलं. बाकावर गुडघे टेकून वर पाहिलं की पांढरा रंग दिलेलं जहाजाचं पोट दिसायचं, फासळ्यांसकट. यंदा चर्चला ऐंशी वर्षं होत होती आणि त्याचा इतिहास लिहायचं काम लॉईसकडे होतं. जुन्या पुस्तिकेतलं आवडतं वाक्य तिने जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं: 'पाचही खलाशी लाटांत नाहीसे झाले. तीन दिवस पाइप ओढीत, धीराने वाट पाहून कॅप्टन थर्लो यांनी जहाज अखंड किनाऱ्याला आणले. देवाच्या कृपेने त्याला कुठेही कुऱ्हाड लागलेली नाही.'

ठोके सप्टेंबरात सुरू झाले.

रविवारच्या प्रार्थनेत पापांची कबुली म्हणून झाल्यावर सगळे क्षणभर गप्प होतात, त्या क्षणात. तीन ठोके, मग थोडं थांबून पुन्हा तीन. पहिल्या रविवारी सगळ्यांनी ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंकडे वळून पाहिलं. कॉफी पिताना फादर विनस्लो म्हणाले, "सुतारपक्षी असणार."

"मग तो पक्का आपल्यातला आहे," कोणीतरी म्हणालं. "बाप्टिस्टांच्या चर्चकडे फिरकत नाही."

लॉईसही हसली. पण मंगळवारी ती एकटी येऊन बसली, तेव्हाही ठोके आले. ती खोकली तसे ते थांबले. पलीकडे कोणीतरी लाकडाला कान लावलाय, असं तिला वाटलं. मग ते पुन्हा सुरू झाले, आधीपेक्षा जोरात आणि घाईघाईने.

तिने एव्हरेट बीटीला बोलावलं. गावातला सुतार, शाळेत तिच्याच वर्गातला. तो शिडीवर चढला आणि बराच वेळ उतरला नाही.

"वरून कोणी ठोकत नाहीये," खाली आल्यावर तो म्हणाला. "खड्डे आतल्या बाजूला आहेत. आपल्या बाजूला. रंग कालपरवा उडालाय."

"तिथवर कोण चढणार? शिडी तर एकच आहे."

"ती माझ्या घरी असते."

हात पुसता पुसता त्याने टेबलावरचा तिचा कागद वाचला. "तीन दिवस कशाची वाट बघत होते गं तुझे पणजोबा?"

"वारा पडायची. दुसरं काय?"

एव्हरेटने हातातलं फडकं टेबलावर ठेवलं. "उलट्या जहाजात हवा अडकते. आतली माणसं तिच्यावर जगतात. आणि ठोकतात. भोक पाडलं की हवा जाते, पाणी चढतं, जहाज तळाला जातं. म्हणून हात झपाट्याने चालवायचा आणि माणसं ओढून घ्यायची. आणि जहाज अखंड हवं असेल तर पाडायचंच नाही, ठोके थांबेपर्यंत बसून राहायचं." तो छताकडे न बघता बोलत होता. "माझा आजा कॅप्टनच्या होडीवर होता. या चर्चमध्ये त्याने कधी पाऊल टाकलं नाही. आम्हाला वाटायचं, बायको बाप्टिस्ट म्हणून."

लॉईसने पाटीकडे पाहिलं. ती लख्ख चमकत होती. एकोणतीस वर्षं आपण काय घासत होतो, हे तिला कळलं.

"पाड भोक," ती म्हणाली.

"ऐंशी वर्षं उशीर झालाय, लॉईस. आणि आत कोण आहे ते बघून भोक पाडायचं असतं."

"मी चर्चची वॉर्डन आहे. पाड."

तो बाहेरून छतावर चढला. करवत बराच वेळ चालली. फळीचा तुकडा निघाला तेव्हा आतून एक लांब श्वास वर गेला. गरुडावरच्या बायबलची पानं उभी राहिली, वेदीवरच्या कापडाची कड उचलली गेली, लॉईसचे पांढरे केस वर ओढले गेले. मग सगळं शांत झालं. ती बाकावर बसून रडली. सुटले बिचारे, असं तिला मनापासून वाटलं.

रविवारी ठोके आले नाहीत. पण गुडघे टेकायची उशी ओली होती. तिने बोट जिभेला लावून पाहिलं. खारट. बाकांच्या पायांवर, घोट्याच्या उंचीला, एक पांढरी रेघ उमटली होती.

"भोक बुजव," तिने सोमवारी एव्हरेटला सांगितलं. त्याने फळी ठोकली, वर डांबर ओतलं. "आता पाण्याचा थेंब येणार नाही," तो म्हणाला. हवेबद्दल तो काही बोलला नाही.

पुढच्या रविवारी रेघ बाकाच्या बैठकीपर्यंत आली.

तिसऱ्या रविवारी ती कमरेपाशी होती. कोणी तो विषय काढला नाही. फादर विनस्लो झगा दोन्ही हातांनी उचलून वेदीकडे गेले. मेणबत्त्या कशाबशा जळत होत्या. कबुलीचे शब्द म्हणताना सगळ्यांना मध्येच दम घ्यावा लागत होता.

मग ती शांतता आली.

लॉईसने मूठ वळली आणि पुढच्या बाकावर तीनदा ठोकलं.

वर, जहाजाच्या पाठीवर, जड बुटांची पावलं वाजली. ती नव्या फळीशी येऊन थांबली. शेजारच्या बाकावर कोणीतरी ठोकू लागलं, मग मागे, मग सगळीकडे. वर कोणीतरी ऐकत होतं.

मग तो वरचा माणूस फळीपाशीच बसला. लाकडावर काडी ओढल्याचा आवाज झाला आणि पाइपच्या तंबाखूचा वास हळूहळू खाली उतरला.